राखाडी मातीतला जबडा

१६ जानेवारी १९२९

आजही काही नाही! बेचाळीस टोपल्या माती धुतली, निघाले दोन फुटके शिंपले. गुडघे दुखतात. साजगावच्या ओढ्यात उकिडवं बसून हा दुसरा हिवाळा.

चित्रे सर मुंबईला, कॉलेजच्या संग्रहालयात, मी इथे. त्यांचं म्हणणं — काळ्या दगडाच्या दोन थरांत अडकलेली ही राखाडी माती राक्षसी सरड्यांच्या काळातली. त्या सरड्यांच्या पायांखालून तेव्हा चिचुंदरीएवढे केसाळ प्राणी पळत होते, पिलांना दूध पाजत होते. मंगोलियात त्यांच्या कवट्या मिळाल्या, मग आपल्याकडे का नाहीत? का नाहीत ते मला विचारा! सरडे गेले, हेही गेले, आणि यांचे तिळाएवढे दात मी हुडकायचे.

शिमग्यापर्यंत काही निघालं नाही तर काम बंद. मग मी पुन्हा कपाटांवर चिठ्ठ्या डकवायला.

२ फेब्रुवारी

माती धुवायला कातकरवाडीतली बुधी येते. माझ्या विलायती चाळणीपेक्षा तिचं सूप बरं. धुतलेला गाळ वाळवून असा पाखडते की खडा एकीकडे, शिंपला एकीकडे. आज विचारते, "दादा, ह्ये जनावर मेलं कदी?" म्हटलं, कोट्यवधी वर्षं झाली. "मंग आता कशाला शोधता? कोन हाय त्याचं मागं?"

मी पुढची टोपली तिच्याकडे सरकवली.

९ फेब्रुवारी

गोदा गेली त्याला आज वर्ष झालं. तार आली तेव्हा मी याच ओढ्यात होतो. घरी पोचेपर्यंत सगळं उरकलेलं. बायकोचं शेवटचं तोंडही पाहिलं नाही, आणि कशासाठी? उंदराएवढ्या जनावरासाठी!

जेवलो नाही. माती धुताना डोळे वाहायला लागले. बुधीला म्हटलं, धूळ गेली. ओल्या मातीची कसली धूळ! तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढची टोपली ओढली.

१३ फेब्रुवारी

सापडला!! जबडा! करंगळीच्या पेराहून लहान, काळाभोर, तीन दाढा जागच्या जागी. पुढचा तुकडा मोडलेला. बुधीच्या सुपात होता! जिभेला लावला — चिकटला! दगड झालेलं जुनं हाड चिकटतं तसाच. मी मोठ्याने हसलो. बुधीही हसली.

कापसात गुंडाळून डब्यात घातला आणि खोपोलीच्या पोस्टात स्वतः नेऊन दिला. सरांना पत्र लिहिता लिहिता दोन वेळा दौत सांडली.

२० फेब्रुवारी

सरांचं कार्ड — "डबा पोचला. शाब्बास. तूर्त कोणाजवळ बोलू नका. काम चालू ठेवा." चार वेळा वाचलं.

६ मार्च

बुधी दोन दिवस आली नाही. ताप आहे असं कळलं, म्हणून वाडीवर गेलो. तिची सून चुलीत शेतातले उंदीर भाजत होती. चुलीपुढच्या राखेत एक जबडा पडला होता. काळाभोर. तीन दाढा.

उचलला. जिभेला लावला. चिकटला.

बुधी गोधडीतून बघत होती. म्हणाली, "रागावू नका, दादा. तुमी त्या दिशी रडत व्हता. मला ठावं हाय तुमाला काय पायजे — काळं, बारीक, दाताचं. म्या टाकलं सुपात. एवड्याशा हाडानं मानूस हसतो, तर टाकू नये व्हय?"

उठून आलो.

७ मार्च

राग आला, पण तिचा नाही. दोन वर्षं हाडांत काढली आणि चुलीतला उंदीर ओळखला नाही! कुरतडायचा लांब दात असतो नेमका तोच तुकडा मोडलेला, याचं नवल वाटायला नको? मला ते दिसायलाच नको होतं.

दिवसभर मनात येत होतं, गप्प बसावं. कुणाला कळतंय? पण सर लेख छापतील, आणि विलायतेतला कोणीतरी एका नजरेत ओळखेल. साठीला आलेल्या सरांचं हसं होईल. लिहायलाच हवं. मग माझ्यावर विश्वास कोण ठेवील? न ठेवोत.

बुधीचं नाव घालणार नाही.

८ मार्च

पत्र टाकलं. 

१५ मार्च

सरांचं उत्तर आलं. "उंदराचा आहे हे डबा उघडताच कळलं होतं. लेख लिहायचा प्रश्नच नव्हता. पण गोदावरीबाई गेल्यापासून तुमचं पत्र कधी दोन ओळींच्या वर गेलं नव्हतं. डब्याबरोबरचं ते मोठं पत्र वाचलं आणि सांगायला धीर झाला नाही. क्षमा असावी. शिमग्याला घरी या."

बुधी आता बरी आहे. तिला वाचून दाखवलं. तिने सूप खाली ठेवलं.

"मंजी त्यांनीबी तुमाला रडताना पायलं व्हतं?"

हो म्हटलं.