अक्काच्या लॅपटॉपचं कपाळ

१० ऑक्टोबर ९९, रवि.
सुट्टी अक्काकडे गेली. तिच्या मुलाने, शेखरदादाने अमेरिकेहून कुणाबरोबर तरी पाठवलेला लॅपटॉप इंदिरानगरला तिच्या घरी पोचवला. बाबांची ही थोरली बहीण; ते अक्का म्हणतात म्हणून आम्हीही. वय बहात्तर, घरात एकटी, उन्हाळ्यात न्हाणीघरात पडल्यापासून हातात काठी. तेव्हापासून शे.दा.चं एकच पालुपद: घर विक, इकडे ये. अक्काचं एकच उत्तर: "नोडोणा." म्हणजे कानडीत बघू. म्हणजे नाही.

आता तडजोड अशी ठरलीय. अक्काने रोज एक मेल करायचा. ज्या दिवशी मेल येणार नाही त्या दिवशी तो फोन करणार, आणि डिसेंबरात येऊन तिला घेऊन जाणार. शिकवण्याचं काम माझ्या गळ्यात, कारण घराण्यात मीच एक "कंप्युटरवाली".

फोनची लाइन वापरायची नाही. इंटरनेट लावलं की फोन एंगेज, आणि शे.दा. साहेबांना फोन करायला लाइन मोकळी हवी. म्हणून सोबत मोबाइल. तो लॅपटॉपच्या मागे ठेवायचा; दोघांच्या अंगावर एकेक काळपट लाल खिडकी, त्या समोरासमोर. मध्ये वायरच नाही. आमच्या ऑफिसात हे कुणी करून बघितलेलं नाही. कोरमंगलाला परत येताना बसमध्ये डोक्यात तेच.

१६ ऑक्टो., शनि.
लागलं. रेंज फक्त गॅलरीच्या खिडकीपाशी, म्हणून टेबल तिकडे ओढलं. अक्काने एका बोटाने पहिला मेल लिहिला, इंग्रजी अक्षरांत मराठी: "मी बरी आहे. मधू आली आहे. तिला उप्पिट दिलं."

ही बाई निवृत्त होईपर्यंत कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये प्रात्यक्षिकं घ्यायची. पहिला प्रश्न: "वायर नाही तर जातं कशातून?" म्हटलं, इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश असतो. "सरी," म्हणाली, म्हणजे बरं. पटल्यासारखं नाही.

१८, सोम.
आयुधपूजा. रिक्षांना केळीचे खांब, रस्तोरस्ती फुटलेले कोहळे, ऑफिसात सर्व्हरला झेंडूचा हार आणि सगळ्यांना चुरमुरे. अक्काचा फोन: "लॅपटॉपची पूजा केली. आज त्याला सुट्टी. शेखरला कालच तसं लिहिलंय."

२०, बुध.
दसऱ्यापासून मेल जात नाही. फोनवरून अक्काकडून बटणं दाबून घेतली, काही नाही. मीच ऑफिसातून शे.दा.ला कळवलं, दोष मशीनचा, अक्का ठणठणीत आहे, तिकिटं काढू नकोस.

२३, शनि.
सकाळपासून खटपट. सगळं काढून परत घातलं. मोबाइल बंद, चालू. मोबाइल बदलावा म्हटलं तर दुसरा आणायचा कुठून. शेवटी वैतागून लॅपटॉप उलटा फिरवला. मागच्या लाल खिडकीवर ठसठशीत ओलं कुंकू लावून वाळलेलं, वर दोन अक्षता.

"अक्का, हे काय?"

"कपाळ. बाकी सगळं काळं, तेवढंच लालसर. म्हटलं तेच असणार."

आठवडा गेला माझा. ओल्या कापसाने पुसलं, मेल गेला. मी हसत सुटले, पण अक्का हसली नाही. तिचे डोळे चमकले. "म्हणजे प्रकाश अडतो. थांब स्वल्प." मग दुपारभर तिचे प्रयोग. चष्म्याची काच: जातो. वहीचं पान: अडतो. रेशमी पदराची एक घडी: कधी जातो, कधी नाही. उडदाचा पापड: अडतो. एका वेळी एकच वस्तू, दर वेळी मध्ये मोकळं ठेवून खात्री. आता पटलं तिला. मला मात्र इतकी वर्षं कंप्युटरचं काम करून एकदाही पापड मध्ये धरावासा वाटला नाही.

३० ऑक्टो., शनि.
मेल रोज जातोय. शे.दा.ची उत्तरं दाखवली तिने. "ओके आई, टेक केअर." खालचं, त्याखालचं, सगळी तशीच. ती मात्र पानभर लिहिते. शेजारच्या गौडांची मांजर, चिकूचं झाड, पायाचा व्यायाम.

"तो वाचतो का गं?" तिने विचारलं. म्हटलं, वाचतच असणार. एवढ्या लांबून उत्तर देतो ना.

६ नोव्हें., शनि.
अक्काने कालच्या मेलमध्ये लिहिलं: आज गॅलरीत हत्ती आला, चिकू खाऊन गेला.

शे.दा.चं उत्तर: "छान. चिकू जास्त खाऊ नकोस, शुगर आहे."

मी पोट धरून हसले. अक्काही हसली, मग म्हणाली, "निम्मं वाचतो." आणि अनारसे तळायला उठली.

१३, शनि.
दिवाळीला शे.दा.चा फोन आला होता. पाच-सात मिनिटं बोलला. हत्तीचं काही विचारलं नाही. अक्कानेही काढलं नाही.

२० नोव्हें., शनि.
लॅपटॉपच्या कपाळावर परत कुंकू. ताजं.

"गुरुवारी लावलं," अक्का म्हणाली.

"आता कसली पूजा?"

"पूजा नाही. प्रयोग. मेल थांबला हे त्याला कधी कळतं ते बघायचंय."

"मग नुसता पाठवायचा नाही. कुंकू कशाला?"

"उद्या त्याने विचारलं तर खोटं नको बोलायला. मशीन चालत नव्हतं, एवढंच सांगीन."

म्हटलं, अगं, फोन आला तर डिसेंबरात घेऊन जाईल तो. ठरलंय तुमचं. ती चिकू सोलत होती. "नेईल," म्हणाली. "कबूल केलंय मी."

गुरुवारपासून फोन नाही. मला शे.दा.चा राग येतोय आणि फोन यावा की येऊ नये तेच कळत नाही. आला तर घर गेलं. नाही आला तर घर राहिलं, पण मग

२१, रवि.
सकाळीच परत गेले. वाटीत पाणी, कापूस घेऊन बसले. "पुसू?"

"राहू दे. तिकडे अजून शनिवारची रात्र आहे. शनिवारी उशिरा झोपतो तो. उठला की बघेल."

जेवलो. अक्काने माझ्या ऑफिसचं सगळं विचारलं, पगारापासून कँटीनच्या सांबारापर्यंत. टेलिफोन हॉलमध्ये कोनाड्यात. दोघीही तिकडे पाठ करून बसलो होतो. सहा वाजले, तिकडे उजाडलं असणार. कॉफी झाली. परत विचारलं, पुसू? "नोडोणा," म्हणाली. वाटी खिडकीत तशीच ठेवली.

निघताना अक्का आत डबा भरत होती. तेवढ्यात मी कोनाड्याशी जाऊन हळूच रिसीव्हर उचलला. डायल टोन होता.

आतून आवाज आला, "चालू आहे. मी सकाळीच बघितलाय."