माली ‘मला’ म्हणाली

११ जून १९७७

मालीच्या नवऱ्याच्या विम्याचं प्रकरण ऑफिसात आलं. सख्ख्या बहिणीचं, म्हणून मीच साहेबांना म्हटलं, माझ्याकडे नको. चौकशी पुण्याहून आलेल्या नव्या इन्स्पेक्टरकडे. (त्याला आम्ही पुणेकरच म्हणतो.) मेहुणा दिवाळीपासून बेपत्ता. गेल्या महिन्यात मंगरूळपीरच्या बाजूला विहिरीत प्रेत सापडलं, चेहरा ओळखू येत नव्हता. मालीनं सदऱ्यावरून ओळखलं. कुंकू पुसलं. या वयात पोरीवर हे...

१४ जून

पुणेकर अनसिंगला, मालीच्या गावी, जाऊन आला. खूश. "काय स्वच्छ बोलतात हो बाई! 'मला सदरा पाहताच ओळख पटली.' एक शब्द गावठी नाही. खरं बोलणारं माणूस असंच बोलतं."

मी कप खाली ठेवला.

इतकी वर्षं विम्याच्या चौकशीत जबाब घेतोय. आमच्याकडचा माणूस खरं बोलतो तेव्हा मले-तुले. खोटं जुळवून आणलं की शाळेतला धडा म्हटल्यासारखा बोलतो. माली जन्मात कधी 'मला' म्हणाली नाही. आई गेली तेव्हा माझ्या गळ्यात पडून "मले सोडून गेली गा दादा," म्हणत रडली होती.

देवा, माझे कानच खोटे ठरू देत.

१९ जून, रविवार

अनसिंग. माली चुलीपुढं. सरळ विचारलं, सदरा त्यांचा होता का? भाकर थापत राहिली. मग म्हणाली, "नोयता."

"रामनवमीले पोहरादेवीच्या जत्रेत दिसले मले. बाई होती संग. तिच्या कडेवर लेकरू. मले पाह्यलं अन् मान फिरवली."

"मंग हे काहून केलं?"

"पैशापायी नाई गा दादा. सारं गाव मले टाकलेली म्हनून राह्यलं. नवरा मेलेल्या बाईले कोनी हसत नाई."

खूप बोललो तिला. तुरुंग, अब्रू, काय काय. ती म्हणाली, "जेवून घे." न जेवता उठलो. कशाला उठलो? एवढी एक बहीण आहे मला.

२१ जून

कामात लक्ष नाही. तो विहिरीतला कोण असेल? त्याचीही कुणी कुंकू लावून वाट बघत असेल, आणि आम्ही त्याला मेहुण्याच्या नावानं अग्नी देऊन मोकळे झालो. बोललो तर माली जन्मातून उठते. नाही बोललो तर ती कुठली बाई जन्मभर... लिहवत नाही.

२४ जून

मालीला ऑफिसात बोलावलं होतं. पुणेकरानं मलाही बसवून घेतलं, बोलीतला एखादा शब्द अडला तर सांगायला. त्यानं शेवटचं म्हणून विचारलं, "ते तुमचेच यजमान होते ना?"

माली माझ्याकडे बघत राहिली. मग जी फुटली! "मेले साहेब. माह्या डोयासमोर मेले. मी पाहून राह्यली होती अन् मेले."

सगळं आमच्या बोलीतलं. एक अक्षर पुस्तकी नाही. जत्रेतली ती फिरवलेली मान आठवली.

पुणेकराचं पेन थांबलं. "डोळ्यांसमोर? पण प्रेत तर विहिरीत सापडलं." माझ्याकडे वळला. "यांना काय म्हणायचंय हो?"

बाईंना पाणी आणतो म्हणून बाहेर आलो. पेला भरून किती वेळ माठाशी उभा होतो. आत माली रडत होती, आणि पुणेकर दुसऱ्यांदा हाक मारत होता.