वालाच्या शेतात बसलेलं विमान

बोईसर, माघ वद्य पंचमी, १९९६

तीर्थरूप नामदेव भावजींच्या पायाशी धाकटा मेहुणा कमलाकांत याचा दंडवत. तुमचा गुडघा आता कसा आहे? इकडे पोरं ठणठणीत, आणि मी बरा आहे असं शकू म्हणते, म्हणजे असेन. येसूताईचा निरोप पोचला (ती सातपाटीच्या घरात बसून नुसती बोलली असती, तरी इथे ऐकू आलं असतं). ऐन हंगामात बोट वाळूत, आणि ताई दुसऱ्यांची मासळी विकत घेऊन पालघरच्या बाजारात बसते. भावजी, तुमचं इंजिन माझ्याकडे अडकून पडलंय हे मला झोपेतही आठवतं. पण उशिराचं कारण आभाळातून आलं आणि ते मला काय भावात पडलं ते ऐका: दोन बोटं भाजली, एक चांगला पाना वालाच्या वेलांत कायमचा गेला, आणि उमरोळीत मला आता ‘पाणीवाला मिस्त्री’ म्हणतात.

झालं असं. वाणगावचे चिकूवाले पारशी फिरोजशेठ तुम्हाला ठाऊक आहेत. त्यांना विमानाचा नाद (लोक कबुतरं पाळतात, त्यांनी हे पाळलंय). परवा उडता उडता इंजिन थरथरायला लागलं आणि शेठ थेट उमरोळीला ठकी नावाच्या बाईच्या शेतात उतरले. भात कापून तिथे वाल पेरलेला. मी निरोप मिळून पोचलो तेव्हा ठकी विमानासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती.

“शेठ, तुमचा पाखरू आमचे वालावर बसलाय. उठवा त्याला.”

“बाई, तुला दोन पेट्या चिकू पाठवते ने.”

“चिकूची भाजी नाय होत. वालाचे बदली वाल द्या.”

शेठनी वाल आणायला माणूस वाणगावच्या बाजाराला पिटाळला आणि मला म्हणाले, “कमलाकांत, तिसऱ्या सिलिंडरमधी लफडा हाय.” मी हसलो. भावजी, डहाणूपासून केळव्यापर्यंत कुठलंही इंजिन लांबून ऐकून मी त्याचं दुखणं सांगतो, आणि आजवर एकदाही चुकलेलो नाही. तुमचंच घ्या, धक्क्यावर उभ्या उभ्या दुसरा पिस्टन गेला म्हणून सांगितलं की नाही? तर मी विचारलं, शेठ, न ऐकता कसं कळलं? त्यांनी आत एक काच दाखवली. तीत उजेडाच्या चार पट्ट्या, प्रत्येक सिलिंडरची एक, आणि त्यातून निघणारा धूर जितका गरम तितकी पट्टी उंच. शिवाय मागच्या उड्डाणांत काय झालं तेही ते यंत्र ध्यानात ठेवतं (आपल्या येसूताईसारखं, मागचं काही विसरत नाही). तिसरी पट्टी बाकीच्यांपेक्षा बोटभर वर चढली होती.

आता आपल्या बोटींवर आपण काय करतो? धुराच्या नळीवर पाणी शिंपडतो. जिथे चर्र होतं तो सिलिंडर कामाचा, जिथे पाणी नुसतं ओघळतं तो मेलेला. मी ठकीकडून तांब्या मागितला, इंजिन चालू करून बंद करायला लावलं आणि चारही नळ्यांवर शिंपडलं. सगळीकडे चर्र, तिसरीवर सगळ्यांत जोरात. मी जाहीर केलं, तिसरा सगळ्यांत कष्टाळू, दोष बाकीच्या तिघांत. त्या तिघांचे प्लग काढले, घासले, परत बसवले (बोटं इथे भाजली, पानाही इथेच गेला). इंजिन सुरू केलं. थरथर जशीच्या तशी. ठकी म्हणाली, “मिस्त्री, पानी परत देव काय?” बांधावर बसलेले सगळे हसले.

मग शेठनी शांतपणे सांगितलं. विमानात एका सिलिंडरला दोन प्लग असतात. एक बंद पडला की दुसरा एकटाच पेटवतो, जळायला वेळ लागतो, आणि अर्धवट आग धुरातून नळीत येते. म्हणून नळी जास्त गरम. “काम करून गरम नाय रे बाबा, ताप आलाय त्याला.” तिसऱ्याचा खालचा प्लग काढला तर काजळीने बुजलेला. बदलला, आणि चारही पट्ट्या कवायतीतल्या पोरांसारख्या एका रेषेत आल्या. ठकीच्या नवऱ्याने, सुकाने, विमानाला धावता यावं म्हणून मधले दोन बांध सपाट करून दिले, वालाचं पोतं आलं, ठकीने त्यात हात घालून दाणे पाहिले, आणि मगच विमानाला जाऊ दिलं.

असा सगळा उशीर झाला, भावजी. यात माझा दोष किती, तुम्हीच ठरवा.

तुमचा,
कमलाकांत

ता.क. घरी आल्यावर मला चैन पडेना. इथल्या रंगाच्या कारखान्याच्या भंगारातून काट्याचे दोन तापमापक आणले आणि तुमच्या इंजिनाच्या दोन्ही धुराच्या नळ्यांना लावून ते तासभर चालवलं. दोन्ही काटे शेवटपर्यंत बरोबरीने, म्हणजे आता इंजिनात दोष नाही.

ता.क. दुसरा. खरं काम हे: बोटीत जाऊन पंख्याचा दांडा दोन्ही हातांनी हलवून बघा. खडखडला तर त्याचे बोल्ट आवळा. मी धक्क्यावर ऐकला तो आवाज बहुतेक तिथला. मग चार माणसं आणि टेम्पो घेऊन या, पण ताईला आणू नका.

ता.क. तिसरा. इंजिनात आता दुसरा पिस्टन नवा आहे. जुना शाबूत होता, मी उघडताना मोडेपर्यंत.