बाबांच्या जीपचं मागलं अ‍ॅक्सल

२७ सप्टें., शनि.
अ‍ॅक्सल उघडलं. घमेल्यात जेमतेम कपभर काळं तेल, त्यात तुटलेले दात. बाबा लांब खुर्ची टाकून पेपर वाचत होते, म्हणजे एकच पान धरून बसले होते.
श्रीशैलमच्या घाटात क्राउनचे, म्हणजे अ‍ॅक्सलमधल्या मोठ्या गिअरचे, दात तुटले, मागची चाकं जागच्या जागी अडकली, जीप आडवी झाली. आई शेजारी. कुणाला खरचटलंही नाही, पण तेव्हापासून बाबांनी किल्लीला हात लावलेला नाही. पॉलिटेक्निकात जन्मभर पोरांना गिअर शिकवलेला माणूस, विद्यानगरातल्या विद्यानगरात रिक्षाने फिरतो. मला बघवत नाही. म्हणून ही खटपट. बाबांना परत स्टिअरिंगवर बसवायचं, बाकी काही नाही.
आईचं म्हणणं, "विकून टाक ते धूड."

२८ सप्टें., रवि.
क्राउन जिच्यावर बसतं ती केज मला एकटीला बाहेर काढता येईना. "बाबा, जरा धरता का?"
"अशी ओढू नक्को, बोट जाईल." आले, धरलं, निघालं. पेपर खुर्चीवरच राहिला.

१ ऑक्टो., खंडेनवमी
आईने अंगणात पाट मांडून पूजा केली. पाने-पकडी, फट मोजायचं डायल गेज, क्राउन आणि छोटं पिनियन या दोन गिअरांचा नवा सेट. क्राउनला ती ताट म्हणते, पिनियनला बत्ता. हळदकुंकू, झेंडू, मूठभर अक्षता.
"विकायचं म्हणत होतीस ना?"
"विकेपर्यंत तर सांभाळायला नको?"

२ ऑक्टो., दसरा
सुट्टी. पूजा उतरवून क्राउन पुसलं, केजवर बसवलं, बोल्ट आवळले. पिनियनचं बेअरिंग जामबागच्या लेथवाल्याकडून आधीच दाबून आणलंय. पिनियन किती घट्ट फिरतं ते मोजायला बाबांनी दोरी गुंडाळली आणि प्रवासाच्या बॅगा तोलायचा माझा काटा अडकवून ओढला. "सावकाश ओढायचं. सुई स्थिर राहील तेच वजन खरं." अगदी वर्गातला आवाज. किती महिन्यांनी ऐकला.

४ ऑक्टो., शनि.
वाईट दिवस. दोन्ही गिअर जुळवले. दातांमधली फट एका बाजूला हवी तेवढी, अर्धा फेरा दिला की जवळजवळ नाहीच. पुन्हा उतरवलं, पुन्हा चढवलं, तेच.
बाबा फरशीवरच बसले. "केज वाकली असंल. घाटातच. जाऊ दे बेटा, सोड आता." हात धुऊन वर गेले, धड जेवलेही नाहीत. आई म्हणाली, "मी काय सांगत होते?" मी पाना आपटला. आईवर चिडले, जीपवर चिडले, आणि नव्या सेटवर तर...

५ ऑक्टो., रवि.
सापडलं!!
रागारागात क्राउनच केजवरून उतरवलं. बसायच्या जागी, बोल्टच्या भोकाजवळ, पिवळा चपटा ठिपका. नखाने खरवडला. अक्षता! हळदीचा तांदूळ, चेंगरून पार पापड झालेला. माझं पुसणं हे असं.
ओरडतच जिना चढले. बाबांनी चष्मा लावला, दाणा बोटावर घेतला आणि हसत सुटले. डोळ्यांतून पाणी. "म्हणजे केज सरळ आहे!" अनवाणीच खाली धावले. पुसून बसवलं, फेरा दिला, गेजची सुई जागची हलेना. मला रडू फुटलं. छातीवरचा धोंडा उतरला अगदी.
आईने तो दाणा हातात घेऊन बघितला. मग म्हणाली, "माझ्या हाताने टाकल्या मी. रस्त्यात काही झालं असतं म्हणजे?" मोजल्याशिवाय कोण चालवणार होतं, असं परोपरीने सांगितलं. ऐकेना.
"मी त्या गाडीत बसायची नाही."

११ ऑक्टो., शनि.
आता दात दातावर कुठे टेकतो ते बघायचं. त्यासाठीची रंगाची ट्यूब वाळून गेलेली. बाबा म्हणाले, "शेंदूर चालतो. आम्ही तोच लावायचो."
शेंदूर आईच्या देव्हाऱ्यात. मागायला बाबाच वर गेले. बराच वेळ आले नाहीत. मग आईच वाटी घेऊन आली, तेलात कालवलेला. "फार पातळ झाला नाही ना?"
ठसा मधोमध हवा, तो दाताच्या मुळाशी आला. बेअरिंगमागची पातळ चकती, शिम, बदलायची, म्हणजे पुन्हा बेअरिंग काढा, पुन्हा जामबाग. बाबा वैतागले नाहीत. उलट शीळ घालत होते.

१४ ऑक्टो., मंगळ
अर्धी रजा. ठसा दाताच्या बरोब्बर मधोमध!
आई वाकून बघत होती. "हे चांगलं म्हणायचं?"
"एकदम." मग बाबा शेंदराच्या वाटीकडे बघत म्हणाले, "अगं, त्या दिवशी निघताना मी तेल बघितलं नव्हतं. कोरडंच जळालं ते."
मी पुसत होते ते पुसतच राहिले.
आई म्हणाली, "माहीत आहे मला. निघायची घाई माझीच होती."
हे दोघं इतके दिवस हे धरून बसले होते. आणि मी समजत होते, भीती फक्त गाडीची.

१८ ऑक्टो., शनि.
तेल भरलं, बाबांनी स्वतः, पातळी दोनदा बघून. आधी मी चालवली. नवे दात, म्हणून थोडं जायचं, थांबायचं, अ‍ॅक्सलच्या हौसिंगला हात लावून तापलंय का बघायचं. विद्यापीठाचा रस्ता, झाडी. घूंघूं नाही, खडखड नाही.
दुसऱ्यांदा थांबलो तेव्हा बाबा म्हणाले, "सरक."
सरकले. घरापर्यंत त्यांनीच आणली. मी बाहेर बघत बसले. देवा, झालं एकदाचं.

१९ ऑक्टो., रवि.
आई साडी बदलून खाली आली. "दिलसुखनगरला जायचंय, पणत्या आणायला. रिक्षा बघ."
बाबांनी किल्ली उचलली. आई फाटकापाशी थांबली. मग गेली आणि पुढच्या सीटवर बसली.
"हळू."
"हौ."
मला मागे बसायचं होतं. बसले नाही, आत येऊन हे लिहितेय. जीप सुरू झाल्याचा आवाज अजून नाही. दोघं आत बसून बोलताहेत. काय ते ऐकू येत नाही, आणि मी खिडकीशी जाणार नाही.