कुचल्याचं दूध

मामंजी, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हा मी दाराआडूनच बोलायची, तेही विचारलं तेवढंच. आज आपण होऊन लिहायला बसले आहे, तर हात अडखळतो. तुम्ही दवाखान्यातून आलात की अंगणातच हात धुवायचात, तरी सदऱ्याला टिंक्चरचा वास राहायचाच. रिकाम्या बाटल्या घरी आणून त्यांच्यावरचं इंग्रजी मला वाचायला लावायचात. सासूबाई म्हणायच्या, "सुनेला कंपौंडर करायचं हाय का काय?" आणि तुम्ही म्हणायचात, "मॅट्रिक झालीय ती. नुसता धोब्याचा हिशेब लिहायला झाली व्हय?" सासरची पहिली दोन वर्षं मी त्या एका वाक्यावर काढली, हे तुम्हाला कधी कळलं नसेल.

भावजींचं त्या वर्षी तालमीवाचून काही सुचत नव्हतं. दुधनीच्या मैदानात त्यांची जोड ठरली होती, आणि वस्तादांनी ताकदीसाठी कुचल्याच्या गोळ्या घ्यायला सांगितलं होतं. त्या गोळ्या करायला ते बाजारातून कुचल्याच्या चपट्या, राखी रंगाच्या, बटणासारख्या बिया घेऊन आले. म्हणाले, "वहिनी, आबांना कळू देऊ नका. ह्या फडक्यात बांधून दुधात टांगायच्या आन् उकळायच्या. तीन दिवस. म्हणजे शुद्ध होतात. तुमच्या हातचं सोवळं, म्हणून तुमाला सांगतो." मी नको म्हणायला हवं होतं. पण धाकट्या दिरानं विश्वासानं सांगितलेलं, आणि शुद्ध हा शब्दही माझ्या ओळखीचा. पहिले दोन दिवस ते दूध त्यांनी स्वतःच मोरीत ओतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तालमीला निघता निघता म्हणाले, "आजचं तेवढं तुमी टाकून द्या." का टाकायचं, ते त्यांनाही कुणी सांगितलेलं नव्हतं.

गाईचं दूध मोरीत ओतायला माझा हात होईना. बिया फडक्यात होत्या, फडकं मी स्वतः धुतलेलं. बिया शुद्ध झाल्या, तर दूधही शुद्धच, असं मी धरून चालले. गूळ घालून भावजींसाठी झाकून ठेवलं. ते आले, दोन घोट घेतले आणि थांबले. "वहिनी, लई कडू लागतंय की!" मी म्हटलं, "गाईनं लिंबाचा पाला खाल्ला असेल," आणि आणखी गूळ घातला. त्यांनी नाक दाबून भांडं रिकामं केलं. "पैलवानाला कडू-गोड काय करायचंय," असं वर हसून म्हणाले.

अर्ध्या तासात त्यांची मान ताठते. ओठ असे ताणले जातात की माणूस हसतोय असं वाटावं, पण डोळ्यांत भीती, आणि शुद्ध पूर्ण. मी खांद्याला हात लावते तर अंग धनुष्यासारखं वाकतं. निरोप मिळताच तुम्ही दवाखान्यातून अनवाणीच धावत येता. सगळ्यांना बाहेर काढता, खिडक्यांना घोंगड्या लावता, म्हणता, "कुणी शिवायचं न्हाय. भांडंसुद्धा वाजता कामा नये, आवाजानंबी झटका येतो." शेजारच्या विणकरांचे माग खडखडत असतात. तुम्ही दारातून नुसते हात जोडता, आणि एकेक करून सगळे माग थांबतात. चुलीतला कोळसा वाटून, पाण्यात कालवून, झटका ओसरला की तेवढ्यात चमच्यानं पाजता. मग ते दुधाचं पातेलं उचलता, बोट लावून जिभेवर टेकवता, थुंकता, आणि माझ्याकडे बघता. ओरडत नाही. "पोटात किती गेलं? बरोबर सांग, पोरी. डॉक्टरला सांगायचंय." मी म्हणते, "अर्धा शेर."

डॉक्टर औषध घेऊन आले, पण गुण यायला वेळ होता आणि बाराचा भोंगा जवळ आलेला. मागवाल्यांना हात जोडता येतात, गिरणीला कसे जोडणार? तुम्ही कापूस पिळून भावजींच्या कानात घातलात. वर उशी दाबली तर अंगाला लागेल म्हणून ती नुसती अधांतरी धरून उभे राहिलात. भोंगा झाला. भावजींचं अंग वाकलं, मी उंबऱ्याबाहेर सिद्धेश्वराचं नाव घेत होते, आणि मग ते अंग सैल पडलं. मला वाटलं, गेले. तुम्ही वाकून पाहिलंत आणि म्हणालात, "श्वास हाय." संध्याकाळपर्यंत ते झोपले, साधी, माणसाची झोप.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा स्वयंपाकघरात येऊन बसलात. म्हणालात, "चहा करतेस तेव्हा रंग पत्तीत राहतो का पाण्यात उतरतो?" मी म्हटलं, "पाण्यात." "मग बियांतलं विष उकळून कुठं जाईल? हेच औषध मी मंदाग्नीवाल्याला थेंब मोजून देतो. थेंब वाढला की तेच नरडं धरतं. आन् ताकद म्हणशील तर ह्यात मुळीच न्हाय. नुसतं नसांना चिथावतं. ताकद भाकरीत हाय." मी रडत होते. तुम्ही भावजींनाही हेच सुनावलंत, पण दूध मी दिलं म्हणून सासूबाईंपुढे मला कधी बोल लावला नाहीत. आठवड्यानं रेघांचा काचेचा मापाचा पेला आणून माझ्या हातात दिलात. "त्या वेळी घाबरून खोटं बोलली असतीस तर? खरं माप सांगितलंस, म्हणून हे तुझं."

भावजी आता स्वतः वस्ताद आहेत. तालमीत कुणी गोळी, अफू, भांगेची भाषा काढली की हात धरून बाहेर काढतात. परवा घरी चार पैलवान जेवायला होते, त्यांच्यापुढे मला म्हणाले, "ह्या वहिनी. मी जिता हाय तो आबांमुळं आन् ह्यांच्या खरेपणामुळं." मी वाढायचं सोडून आत गेले. लोकांना वाटलं, लाजले.

तुमचे उपकार मी रोज देवापुढे आठवते. हे मात्र देवापुढेही म्हटलेलं नाही, आणि भावजींना सांगायचा धीर अजून होत नाही. कागद कुठल्या पेटीत टाकायचा तेही कळत नाही, म्हणून इथंच लिहून ठेवते. तुम्ही विचारलंत तेव्हा सासूबाई दारात होत्या, आणि कमी सांगितलं तर अपराधही कमी होईल असं मला वाटलं. अर्धा शेर नव्हतं, मामंजी. पाऊण होतं.