चोचीला लागलेला बलक

आई, आज सकाळी आमच्या शीळफाट्याच्या घरामागे सहा पिल्लं निघाली. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, बसवली होतीस किती? नऊ. तुझ्यासारखी विषमच बसवली. प्रत्येक अंड्यावर कोळशाने फुली मारली, म्हणजे दुसऱ्या कोंबडीने मध्येच येऊन घातलेलं अंडं ओळखू येतं. घमेल्यात पेंढा पसरला आणि पेंढ्याखाली लोखंडी खिळा ठेवला. ढगांच्या गडगडाटाने अंडी मरतात आणि खिळ्याने वाचतात यावर माझा काडीचा विश्वास नाही, पण खिळा ठेवल्याशिवाय हात मागे घेववेना. डोंबिवलीच्या कंपनीत दिवसभर मालाचे नमुने तपासणारी बाई घरी येऊन हे उद्योग करते, हे लॅबमध्ये कोणाला सांगायची सोय नाही.

बाराव्या दिवशी मी ड्युटीवरून आले तर तुझे जावई घमेल्यापाशी कमरेवर हात ठेवून उभे. दोन अंडी फुटलेली, तिसऱ्याला तडा गेलेला, पेंढा चिकट झालेला, आणि उबेला बसलेल्या खुडूक कोंबडीच्या चोचीला पिवळाधमक बलक.

“ही अंडीखाऊ झाली बघ,” ते म्हणाले. “एकदा चटक लागली की सुटत नाही. कापून टाकू रविवारी.”

“चोचीला बलक लागला म्हणजे तिनेच फोडली असं होत नाही.”

“तुला काय माहीत?”

“माहीत आहे मला. तिला हात लावायचा नाही.”

माझा आवाज चढला असावा, कारण ते जरा बघतच राहिले. मग म्हणाले, “बरं, रविवारपर्यंत बघू. पण अजून एक जरी फुटलं ना, तर मी ऐकणार नाही.”

मी पदर खोचला. फुटलेली दोन बाहेर काढली, चिकट पेंढा फेकला, बाकीच्या अंड्यांना लागलेला बलक कोमट पाण्याच्या फडक्याने हलक्या हाताने पुसला. मोबाइलच्या टॉर्चवर एकेक धरून बघितलं. लाल शिरा दिसत होत्या, आत काहीतरी काळं हलत होतं. तडा गेलेल्यातलंही हलत होतं. तुझा नियम मला पाठ आहे, तडा गेलेलं अंडं उबेला ठेवायचं नाही, ते नासून फुटलं की बाकीची घेऊन जातं. पण आतलं पातळ साल शाबूत होतं, काही झिरपत नव्हतं. मी मेणबत्ती पेटवली आणि तड्यापुरतं मेण टाकलं. रोज वास घेत राहिले. पाचव्या दिवशी वास आला, तेव्हा ते मुकाट्याने उचलून लांब नेऊन पुरलं. नियम तुझाच खरा निघाला, पण हलणारं काढून टाकणं मला जमलं नसतं.

त्या बाराव्या दिवशीच, नवा पेंढा घालताना घमेल्यात हात फिरवला, तेव्हा गुन्हेगार सापडला. कोंबडीच्या उठण्याबसण्याने पेंढा कडेला सरकला होता आणि मधोमध तो खिळा उघडा पडला होता. टोकाला कवचाचा तुकडा चिकटलेला. अंडी वाचवायला ठेवलेल्या खिळ्यानेच अंडी फोडली होती, आणि खिळा ठेवला होता मी. यांना दाखवला तर म्हणाले, “बायकोचा खिळा, बायकोचा निकाल. रविवार तो रविवार.” मग मी दोन दिवस रजा टाकली आणि मागच्या दारात पाट मांडून बसले. ती दिवसातून एकदा उठायची, दाणे टिपायची, धावत परत यायची आणि चोचीने एकेक अंडं इतकं जपून पोटाखाली ओढून घ्यायची की मलाच लाज वाटायची. रविवार आला आणि गेला. एकही फुटलं नाही. संध्याकाळी हेच तिच्यापुढे तांदळाची कणी टाकताना दिसले.

आता मला कसं माहीत होतं ते. आई, आपल्या कळव्याच्या चाळीतली ती तांबडी कोंबडी आठवते का? तू तिला काखेत घेऊन शेजारच्या दारात गप्पा मारायचीस. स्वयंपाकघरात ओट्याखाली पाटीत तिला अंड्यांवर बसवलं होतंस. तू बल्बसमोर अंडं धरून मला आतलं पिल्लू दाखवायचीस. मी चौथीत होते, मला एकटीने बघायचं होतं. कोंबडी दाणे खायला उठली तेव्हा मी पाटीतलं एक उचललं, ते हातातून निसटलं आणि बाकीच्यांवर पडलं. तीन फुटली. मी फ्रॉकला हात पुसले आणि पळाले. परत आले तर ती सांडलेला बलक टिपतेय आणि तू दारात उभी. पुढ्यात सांडलेलं कुठलीही कोंबडी टिपते, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं? तू मात्र मला विचारलंस, “बाय, तू हात लावलास काय गो पाटीला?” मी म्हटलं, “नाही.” तू एवढंच म्हणालीस, “मग हीच अंडीखाऊ झाली.” आणि तिला बाबांच्या हातात देऊन आत येऊन घासलेली भांडी पुन्हा घासत बसलीस.

हे अजून विचारतात, तुला एवढी खात्री कशी होती? सांगणार आहे, पण आधी तुला सांगायचं होतं. पाठवायला पत्ता नाही, म्हणून घडी घालून धान्याच्या डब्यात ठेवते, रोज हात जातो तिथे. आणि एक राहिलं. तांबडी कापली त्या रविवारी तू जेवली नाहीस, पोट बरं नाही म्हणालीस. मी मात्र रस्सा दोनदा मागून घेतला. चांगला झाला होता.