मालनमामीचा हात

तीर्थरूप बहिरूमामांना,

निकिताचा नाशिकहून वाकून नमस्कार. (हल्ली वाकलं की कॉटखालचे कांदे दिसतात, त्याबद्दल पुढे येईलच.) तुमची कंबर कशी आहे? देवळ्यात ऊन असेल, टोपी घालत जा. मालनमामी डोळे तपासायला म्हणून सोमवारी आली आणि आज गुरुवार उजाडला तरी परतली नाही, म्हणून तुम्ही चारदा फोन केलात. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून कांद्याच्या पिकअपवाल्या बारकूभाऊंच्या हाती हे पत्र देतेय. मामीचे डोळे उत्तम आहेत.

मी आणि माझी मैत्रीण अरफा एक खेळ बनवतोय (तुम्ही त्याला ‘पोरींचे उद्योग’ म्हणता, तोच). डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवायचा. खोली आपलीच दिसते, पण भिंतीतून खोटी माकडं उतरतात आणि हातातली खरी वस्तू फेकून त्यांना हाकलायचं. वस्तू कुठे गेली ते कॅमेरा बघतो. म्हणजे बघायला हवं. चेंडू फेकला तर तो उसळून घरमालकीण प्रतिभाकाकूंच्या वरणात. मोजे फेकले तर ते पंख्यावर. शेवटी तुम्ही पाठवलेली कांद्याची गोणी फोडली (रागावू नका, निम्मी भाजीतच गेली). कांदा उसळत नाही, पांढऱ्या भिंतीपुढे उठून दिसतो. पण आम्ही दोघी तो अशा आवेशाने भिरकावायचो, की तीन आठवडे कॅमेऱ्याला तो हवेत सापडेच ना. शनिवारी कॉलेज रोडवर नव्या उद्योगांना मदत करणाऱ्या एका संस्थेचे परीक्षक खेळ बघणार आहेत. आवडला तर सहा महिने जागा आणि मशिनं मिळतील. नाही तर पप्पांना दिलेल्या शब्दाप्रमाणे मी पुण्याला नोकरीला. मामा, मला खरंच नाही जायचं.

सोमवारी मी रडवेली होऊन चहा करायला उठले. मामीने खोलीभर पसरलेले कांदे पाहिले आणि तिला राहवेना. “मोठा न् गोल्टी एकात? काय गं पोरींनो, लाज नाय वाटत?” म्हणत तिने फतकल मारली आणि निवडायलाच लागली. मोठा उजवीकडे, लहान गोल्टी डावीकडे, सडका दाराकडे. मान खाली, हलतंय ते फक्त मनगट. कॅमेरा चालूच राहिला होता. अरफा एकदम किंचाळली. चाळीस कांदे, आणि चाळीसही कॅमेऱ्याने टिपले! मग मामीला चष्मा घातला. पहिलं माकड बघून ती “हाड्” म्हणाली आणि तिने बसल्या जागेवरून बारा माकडं पळवली. इतकी वर्षं तुमच्या खळ्यावर तिचा हात असा चालतो आणि आपण कुणी कधी थांबून पाहिलं नाही. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त आनंद झाला.

त्या आनंदात आम्ही सगळा खेळच मामीच्या हातावर बसवला. चूक झाली ती इथे. आता तो दुसऱ्या कुणाचा हात ओळखत नाही. मामी आम्हाला शिकवतेय. अरफाला जमायला लागलंय, मी आतापर्यंत एक ट्यूबलाइट फोडलीय. पण जमेल, मामा. या वेळी जमेल.

तुमची भाची,
निकिता

ता. क. – मामीला रविवारपर्यंत राहू द्याल का? तुम्ही हो म्हणालात तरच तिला विचारते.

ता. क. २ – पत्र मामीने वाचलं (डोळे उत्तम आहेत, म्हटलं ना). वरची ओळ खोडायला सांगतेय. म्हणते, ही परवानगी मागणं नाही, निरोप आहे. बारकूभाऊंच्या शनिवारच्या गाडीआधी कांदाचाळीतले कांदे तुम्हीच निवडायचे आहेत. मान खाली, फक्त मनगट. रविवारी येऊन ती ढीग बघणार आहे.